कवडी काढणाऱ्या भाभी

भाभी फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणाल्या नाहीत. आपण फोन उचलला की पलीकडून आधी पंख्याची घरघर यायची, मग वहीचं पान उलटल्याचा आवाज, आणि मग थेट हुकूम, “लिहून घ्या भैया.”

मी लिहून घ्यायचो. माझं कामच ते होतं. वर्ध्यात आर्वी नाक्याजवळ एका चष्म्याच्या दुकानावर आमची सहा माणसांची कंपनी होती. औषधांच्या दुकानांसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. कुठली गोळी कुठल्या खणात आहे, किती उरली, तिची मुदत कधी संपते, हे सगळं त्यात दिसे. जिल्ह्यातल्या बऱ्याच दुकानांत ते चालत होतं. म्हणजे, चालतं असं आम्ही म्हणत होतो. कुणाचं अडलं की तो फोन करी, आणि फोनपाशी मी बसलेला असे. घर देवळीजवळच्या एका खेड्यात, बाप शेतकरी, मी नुकताच बीसीए झालेला. पहिलीच नोकरी, त्यामुळे कुणी ओरडलं तरी मी “हो सर, बरोबर सर” म्हणत असे.

बाकी दुकानदारांचे फोन सोपे होते. “बंद पडलं.” काय बंद पडलं? “सगळंच.” एकदा बंद करून चालू करा. “झालं.” संपला फोन. भाभींचं तसं नव्हतं. हिंगणघाटात त्यांच्या यजमानांचं औषधांचं दुकान होतं. तीन पिढ्यांचं व्यापारी घर. शेठजी गिऱ्हाइकांशी गोड बोलण्यात तरबेज, पण कॉम्प्युटर म्हणजे त्यांना घरातल्या शोकेससारखा वाटे, फडक्यानं पुसायचा आणि हात लावायचा नाही. म्हणून तो भाभींकडे आला. तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या, मुलगी शिकायला बाहेरगावी, आणि बी.कॉम.ची पदवी कपाटात.

“एक नंबर,” त्या सांगू लागत. “साडेनऊले शटर उघडलं. दोन नंबर, देवाले अगरबत्ती लावली. तीन नंबर, पंखा लावला. चार नंबर, कॉम्प्युटर लावला. पाच नंबर...”

“भाभी, अगरबत्तीचं राहू द्या. चूक काय झाली तेवढं सांगा ना.”

“काऊन? अगरबत्तीनं बिघडून नाई राह्यलं हे तुमाले पक्कं माहीत हाय?”

मला पक्कं माहीत होतं. मी तसं म्हणालो नाही एवढंच. ऑफिसात मात्र भाभींची नक्कल करायचो आणि सगळे हसायचे. मग तो रेघा वाचणाऱ्या यंत्राचा घोळ आला. पाकिटावरच्या काळ्या रेघांवर धरलं की औषधाचं नाव पडद्यावर आणणारं ते छोटं यंत्र, भाभींच्या दुकानात रोज सकाळी दोनतीन वेळा आंधळं व्हायचं. आम्ही सॉफ्टवेअर तीनदा बदलून दिलं. यंत्रही बदललं. भाभी रोज फोन करून एक नंबरपासून अठरा नंबरपर्यंत सगळं सांगत राहिल्या. एक दिवस फोन येईना म्हणून कंटाळून मी जुनी पानं चाळत बसलो, आणि दिसलं की प्रत्येक दिवशी यंत्र मरायच्या बरोबर आधी एक ओळ आहे: ‘फ्रिज घरघरला.’ इंजेक्शनं ठेवायचा फ्रिज आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डवर होते. फ्रिजनं वीज ओढली की यंत्राला पुरेशी मिळत नसे. तार वेगळी केली, रोग गेला. त्या दिवसापासून मी अगरबत्तीही लिहून घेऊ लागलो.

चुकीला भाभी ‘बग’ म्हणत नसत. त्यांचा शब्द होता कवडी. माहेर वणीचं, वडील कापसाचे व्यापारी. किडक्या बोंडातला पिवळा, गाठाळलेला कापूस म्हणजे कवडी. पांढऱ्या ढिगात ती लपून बसते. कापसाची बैलबंडी अंगणात आली की वडील वरच्या कापसाकडे पाहतही नसत, कोपरापर्यंत हात खुपसून मधली मूठ काढत. भाभी लहानपणी बाजूला उभ्या राहून ते पाहत. “वरचा त सगळेच चांगला ठेवतात भैया,” त्या मला म्हणाल्या होत्या. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या असाच कोपरापर्यंत हात घालत. मुदत संपण्याच्या रकान्यात फेब्रुवारीची तीस तारीख टाकून पाहत. एका औषधाचं नाव म्हणून नुसती मोकळी जागा टाकत आणि ते औषध विकत. विकलं जायचं! मग मला फोन, “भैया, मी आज हवा विकली.”

पण हे नुसतं खोड्या काढणं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक दोष होता. नावाची तीन अक्षरं टाकली की औषधांची यादी खाली उघडे, आणि आपण बोट ठेवेपर्यंत चौथं अक्षर उशिरा उमटून यादी एक ओळ सरके. एकदा गर्दीत भाभींच्या हातून रक्तदाबाच्या गोळीऐवजी एका अक्षराच्या फरकाची दुसरीच गोळी निघाली. खणातून ती काढून त्यांनी म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात दिलीसुद्धा. तो पायरी उतरला, आणि भाभींना पाकिटाचा रंग आठवला. त्या गल्ला तसाच उघडा टाकून त्याच्यामागे धावल्या, पायात चप्पल नव्हती. गोळी परत मिळाली. त्याच दुपारी त्यांनी शाळेची दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर खाकी कव्हर घातलं. वह्या सुरू झाल्या त्या तिथून.

मी दुरुस्त झालं म्हणून कळवलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे. “झालं म्हंजे काय झालं, ते सांगा.” मी सांगे. मग दुसरा प्रश्न, “अन् तसं नाई केलं त?” म्हणजे माणसानं नीट क्रमानं न करता आडमुठेपणानं केलं तर काय होईल. या दुसऱ्या प्रश्नाला आमच्या कंपनीत कुणाकडेच उत्तर नसे.

शेवटी आमचे साहेब वैतागले. ते कंपनीचे मालक, मनानं चांगला माणूस, पण भाभींचं नाव निघालं की पाणी मागवीत. “आपण जाऊन हात जोडू,” ते म्हणाले. “म्हणू, बाई, आमचं सॉफ्टवेअर तुमच्या योग्यतेचं नाही. दुसऱ्या कोणाचं घ्या.” मला सोबत घेऊन ते हिंगणघाटला गेले. दुकानात शेठजी गिऱ्हाईक पाहत होते, एका खुर्चीत भाभींच्या सासूबाई शेंगा सोलत होत्या, आणि कॉम्प्युटरपाशी एक ठेंगणी, चष्मा कपाळावर चढवलेली बाई बसली होती. इतके महिने नुसता आवाज ऐकलेला. मला वाटलं होतं, कुणी उंचपुरी, दणकट असेल.

साहेब हात जोडायला आले होते. त्यांनी आधी सहज म्हणून एक वही उघडली. मग दुसरी. उभ्याउभ्या वाचत होते ते बसले. शेठजींनी चहा सांगितला, तो आला, निवला. अर्ध्या तासानं साहेब वही मिटून म्हणाले, “भाभी, आमच्याकडे नोकरी कराल?”

शेठजी म्हणाले, “अन् इथं कोण पाहीन?” भाभींना खरं तर प्रश्नच कळला नव्हता असं त्यांनी मला पुढे सांगितलं, चूक काढण्याचाही कुणी पगार देतं हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. बोलल्या त्या सासूबाई. शेंगेचं फोल बाजूला टाकत म्हणाल्या, “जाऊ दे बापा तिले. माह्या वरणात रोज खोट काढते, त्यापेक्षा तिकडं काढू दे.”

अशा त्या आमच्याकडे आल्या. आठवड्यातून चार दिवस, हिंगणघाटच्या सकाळच्या एसटीनं. माझ्या शेजारचं टेबल त्यांना मिळालं आणि माझं नक्कल करणं बंद झालं, कारण आता ती शेजारच्याच टेबलावर ऐकू गेली असती.

भाभी ऑफिसातून बाहेर पडल्या तरी त्यांचं काम सुटत नसे. लग्नाच्या हॉलमध्ये त्या खुर्चीवर बसण्याआधी ती चारी बाजूंनी हलवून पाहत. आमच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी हात धुण्याच्या ओळीतले सातही नळ एकदम उघडायला सात पोरींना उभं केलं, आणि पाचव्याच्या पुढे पाणी येत नाही हे पंगत बसायच्या तासभर आधी हॉलवाल्याला दाखवलं. हॉलवाला म्हणाला, “बाई, सात जण एकदम कशाले हात धुतीन?” भाभींनी त्याला मांडवातली सहाशे माणसं दाखवली. दुकानात साडी घेताना पदर पाहत नसत, आतलं टोक पाहत. त्यांच्या सोबत कुठं जायचं म्हणजे लाज वाटे आणि सोयही होई.

मोठ्या कंपनीचं स्वप्न माझं होतं, त्यांचं नव्हतं. नागपूरच्या एका जुन्या, नावाजलेल्या कंपनीनं टेस्टिंगसाठी माणसं मागवली होती. दवाखान्यांचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, चार मजली इमारत, सकाळी गाडी न्यायला येते असं ऐकून होतो. मी दोन महिने व्याख्या पाठ केल्या. दुपारच्या डब्याच्या वेळी भाभींना त्या म्हणून दाखवायचो.

“रिग्रेशन टेस्टिंग म्हणजे काय?” मी स्वतःलाच विचारायचो आणि सांगायचो. “एक चूक दुरुस्त करताना आधी नीट चालणारं दुसरं काही बिघडलं का, हे पुन्हा तपासणं.”

“म्हंजे नळवाल्यानं मोरीतला नळ बसवला अन् गच्चीवरचा सुटला,” भाभी म्हणाल्या. “ह्याले इंग्रजी नाव बी हाय?”

दोन महिन्यांत माझ्याबरोबर त्यांच्याही सगळ्या व्याख्या झाल्या. एक दिवस म्हणाल्या, “माहाही फारम भरून द्या. पाहू त खरं, कसं विचारतात.” मी हसत हसत भरून दिला. मनात आलं, बिचाऱ्यांना तेवढीच हौस.

मुलाखतीच्या दिवशी त्या हिंगणघाटहून परस्पर आल्या होत्या. अबोली रंगाची साडी, हातात पुऱ्यांचा डबा. आल्याआल्या त्यांनी लिफ्टची वर जायची आणि खाली जायची दोन्ही बटणं एकदम दाबून पाहिली. मी दुसरीकडे पाहू लागलो.

तोंडी परीक्षा घ्यायला टेस्टिंग विभागाच्या प्रमुख मॅडम होत्या. शांत, हळू बोलणाऱ्या. मला त्यांनी विचारलं, चूक किती मोठी आणि चूक किती घाईची, यात फरक काय. मी पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. मॅडमनी मान हलवली. भाभींनाही तोच प्रश्न आला. त्यांनी काय सांगितलं ते मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, लग्नाच्या पत्रिकेत सासूबाईंचं नाव चुकलं. त्यानं कोणी मरत नाई, पण सगळी कामं सोडून आधी पत्रिका बदलाव लागते. अन् मांडवाच्या पार मागच्या कोपऱ्यातला खांब हालून राह्यला. पडला त माणूस मरीन. पण मांडव आज बांधला अन् लग्न परवा हाय, तिकडं कोणी बसून नाई राह्यलं, त तो सकाळी पाहू.” मॅडम खूप हसल्या म्हणे.

मग कॉम्प्युटरवरची परीक्षा. दवाखान्यात रुग्णाची नोंद करण्याचं त्यांचंच सॉफ्टवेअर, त्यात मुद्दाम बारा चुका घालून ठेवलेल्या. वेळ एक तास. निम्म्यांहून जास्त सापडल्या तर पास. मी झपाट्यानं नऊ काढल्या. मधून मधून भाभींकडे पाहत होतो. चौथ्या चुकीनंतर त्या थांबल्याच. एकाच पानावर परत परत काहीतरी टाकत होत्या, मान तिरपी करून पाहत होत्या. वेळ संपली. त्यांच्या खात्यावर चार.

बसस्टँडवर त्यांची गाडी लागायला वेळ होता. बाकावर डबा उघडून आम्ही पुऱ्या खात होतो. मला बाहेर पडतानाच निवड झाल्याचं सांगितलं होतं, आणि भाभींना ‘कळवू’ म्हणाले होते. ‘कळवू’चा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता.

“भाभी, तुम्ही एकाच ठिकाणी काऊन अडकल्या?”

“जुळे टाकले मी,” त्या म्हणाल्या. “आपल्या दुकानात चिठ्ठ्या येतात ना भैया, नव्या लेकराले नाव नसते. आईचं नाव लिहून ‘हिचं बाळ’ म्हणून चिठ्ठी येते. म्या दोन पोरी टाकल्या. आई एक, तारीख एक, दोघी पोरी. दुसरी टाकली त पहिली गायबच. दोघींची एक करून टाकली त्यानं. एकीचं इंजेक्शन दुसरीले जाईन ना. त्या बारा चुकांत हे नव्हतं. तिथल्या पोराले सांगतलं, त मले म्हणे, मॅडम, हे मोजत नाहीत.”

त्यांनी डब्यातली शेवटची पुरी माझ्या हातावर ठेवली. माझं अभिनंदन त्यांनी मनापासून केलं. मला बरं वाटलं नाही, पण आनंदही लपत नव्हता.

नव्या नोकरीत पहिले सहा महिने परीक्षेचे असतात. तेवढ्यात आपण कामाचे आहोत हे दाखवायचं, मग कायम. माझ्यासोबत घेतलेली मुलं भराभर चुका काढत होती. नऊ चुका एका तासात काढणाऱ्या मला तिथे काही सापडेना, कारण या वेळी कुणी मुद्दाम लपवून ठेवल्या नव्हत्या. महिना सरला. मॅडम एकदा टेबलापाशी येऊन माझी कोरी यादी पाहून गेल्या. त्या संध्याकाळी मी खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जे दवाखान्यांत चालू होतं त्यात, एका आईच्या दोन पोरी टाकल्या.

दुसरी टाकली आणि पहिली गायब.

मी ते लिहिलं. खाली ‘शोधणाऱ्याचं नाव’ असा रकाना होता. त्यात माझं नाव टाकताना मी फार विचार केला असं म्हणणार नाही. केला असता तर टाकलं नसतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्याला मॅडमचा मेल गेला, नव्या माणसानं केवढा धोका पकडला म्हणून. लोक येऊन हात मिळवून गेले. कँटीनमध्ये एकानं मला विचारलं, तुला हे सुचलं कसं? मी म्हणालो, “सहजच.”

त्यानंतर मी भाभींना फोन केला नाही. त्यांचा आला तर दोनदा उचलला नाही, आणि एकदा उचलून मीटिंगमध्ये आहे म्हणालो. दिवाळीत घरी आलो तेव्हा मात्र राहवेना. एक मिठाईचा डबा घेतला आणि हिंगणघाट गाठलं. दुकानात गर्दी नव्हती. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. भाभींनी स्टूल दिलं. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, मेलचं, हात मिळवण्याचं, आणि त्या ‘सहजच’चंसुद्धा.

भाभींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“दुरुस्त झालं?”

“हो.”

“झालं म्हंजे काय झालं?”

“आता जन्माची नोंद करताना विचारतं, बाळ पहिलं की दुसरं. दोघांची वेगळी पानं होतात.”

“तुम्ही सोता पाहिलं?”

“हो भाभी. दहा वेळा.”

“अन् तीन झाले त?”

मी शिव्या खायला आलो होतो. त्या काउंटरवरच्या कागदावर तीन रेघा ओढून मला दाखवत होत्या, बाळ पहिलं, बाळ दुसरं, आणि हे तिसरं कुठं जाईन? मिठाईचा डबा त्यांनी बाजूला सरकवला तोसुद्धा कागदाला जागा हवी म्हणून.

सुटी संपवून गेलो आणि पहिलं काम ते केलं. तिसरं बाळ टाकलं, दुसरं पुसलं गेलं. या वेळी शोधणाऱ्याच्या रकान्यात मी भाभींचं पूर्ण नाव लिहिलं. मॅडमनी बोलावून विचारलं, या कोण? आपल्याकडे तर या नावाचं कोणी नाही. मी सांगितलं, तुमच्याकडे येऊन गेल्या आहेत, चारच चुका सापडल्या म्हणून नापास झाल्या. मॅडमना पत्रिका आणि मांडव आठवले. “अरे, त्या!” म्हणाल्या आणि त्यांनी लगेच भाभींना बोलावून घेतलं.

पुढचं जे झालं त्याबद्दल कंपनीतले लोक अजून बोलतात. नियम असा होता की परीक्षेत नापास झालेल्या माणसाला वर्षभर पुन्हा घेता येत नाही. भरती पाहणारे एक गृहस्थ होते, त्यांनी मार्ग काढला. म्हणाले, जुन्या नोंदीत चारच्या जागी सात करतो. तुम्ही काढलेली चूक मोजायलाच हवी होती, ती एकटीच तिनांच्या तोडीची, त्यामुळे त्यात खोटं असं काही नाही.

“हाय ना,” भाभी म्हणाल्या. “सात नाई सापडल्या मले. चार सापडल्या.”

“पण तुमचाच फायदा आहे यात.”

“साहेब, तुमच्या कंपनीत मी खोट काढाले येऊन राह्यली, अन् येतायेताच एक घालून येऊ?”

मॅडमनी समजावलं. मी समजावलं. शेठजींनी फोनवरून समजावलं, ते तर आता मोठ्या कंपनीच्या नावानं हरखले होते. भाभी वर्ष पुरं व्हायची वाट पाहत राहिल्या. राहिलेले सगळे महिने हिंगणघाट-वर्धा एसटीनं आमच्या जुन्या साहेबांकडे गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात रीतसर फॉर्म भरला, रीतसर आल्या, परीक्षेला बसल्या, आणि पाच मिनिटांत हात वर केला. “हा पेपर मी मागच्या साली पाहिलेला हाय. दुसरा द्या.” दुसरा तयार नव्हता. त्या दिवशी परीक्षा रद्द झाली, बाकीच्या उमेदवारांनी भाभींकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. आठवड्यानं नव्या पेपरला त्यांना बारापैकी सात सापडल्या. अगदी काठावर. पण खऱ्या.

त्या रुजू झाल्या त्या सकाळी मी खाली दारापाशी थांबलो होतो. त्यांना मजला दाखवला, जागा दाखवली, कँटीन दाखवलं. माझे परीक्षेचे महिने केव्हाच संपले होते, मी कायम झालो होतो, आणि वर्षाच्या शेवटी होणाऱ्या बढतीच्या यादीत माझं नाव होतं. ते त्या जुळ्यांच्या मेलमुळेच होतं, हे मलाही माहीत होतं. तिळ्यांच्या नोंदीत भाभींचं नाव लिहून मी स्वतःला माफ करून टाकलं होतं. जुळ्यांच्या नोंदीत अजून माझंच होतं.

भाभींनी त्यांची खुर्ची चारी बाजूंनी हलवून पाहिली, बसल्या, कॉम्प्युटर लावला. मग माझ्याकडे वळून, हवापाण्याचं विचारावं तशा आवाजात म्हणाल्या, “त्या जुळ्यांचं मॅडमले कदी सांगता?”

त्यात राग नव्हता. दुकानात त्यांनी हा विषय काढला नव्हता, नंतरच्या इतक्या महिन्यांत फोनवर काढला नव्हता. वर्षभर बाहेरच्या होत्या तोवर त्यांना तो आपला वाटला नसावा. आता त्या आतल्या होत्या.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, “मला वाटलंच होतं. तिळ्यांपर्यंत पोचणारी बाई जुळ्यांवरून गेल्याशिवाय कशी जाईल? तू कधी येतोस ते पाहत होते.” मग माझ्यासमोरच त्यांनी त्या नोंदीतलं नाव बदललं आणि बढतीच्या यादीतून माझ्या नावावर रेघ मारली. पुढच्या वर्षी पाहू, म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं.

मी बाहेर आलो. चेहऱ्यावर काय झालं ते दिसत असणार, कारण समोरच्या टेबलावरचा मुलगा खाली पाहू लागला. भाभींनी माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता, बशी वर झाकून, निवू नये म्हणून. मी बसलो. प्यायलो. काय झालं, मॅडम काय म्हणाल्या, यादीचं काय, त्यांनी एकदाही विचारलं नाही. समोरच्या पडद्याकडे पाहत मला म्हणाल्या, “साखर बरोबर हाय ना?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. साखर जास्त होती.